प्रगती दिसावी, मूल दिसू नये

मुलांचा गणिताचा सराव संगणकावर घेऊन प्रगती नोंदवायची असेल आणि कक्षात दहा यंत्रं, चाळीस मुलं असतील, तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन देण्याच्या फंदात पडू नका. यंत्रामागे एक खातं, पासवर्ड १२३४५. चौघांत जो दांडगा असेल तो माउस धरतो आणि त्याची उत्तरं चौघांच्या खाती जमा होतात. एवढी समता वर्गात एरवी कुठे नांदते?

मग वेळ मोजा. पडदा उघडा म्हणजे अभ्यास चालू. खिचडी खायला गेलेलं मूलही अर्धा तास अपूर्णांक सोडवत असतं. बराच वेळ कळ दाबली नाही तर घड्याळ थांबवायची सोय असल्यास ती आधी बंद करा.

चाचणीत दहा प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय ठेवा. डोळे मिटून टिचक्या मारल्या तरी सरासरी अडीच गुण पडतात. चुकलं की बरोबर उत्तर लगेच दाखवा, पुढच्या खेपेला तेच प्रश्न त्याच क्रमाने द्या, आणि नोंद फक्त सर्वांत चांगल्या गुणांची ठेवा. पहिल्या प्रयत्नाचे गुण आणि 'मदत' किती वेळा घेतली, हे दोन रकाने एक्सेलमधून उडवा. सगळी वाट तेच लावतात.

खरं कसब मात्र गणित निवडण्यात आहे. ५२ वजा ३७ हेच द्या. एक मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतं. त्याचं उत्तर २५. दुसरं दशक सुटा करतं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं, त्याचंही २५. दोघांची दुखणी वेगळी, उत्तर एकच, त्यामुळे कोणाला काय शिकवायचं हा प्रश्नच उरत नाही. एखादे अतिउत्साही गुरुजी ५२ वजा ३८ घालतील, त्यांना आवरा. तिथे पहिल्याचं २६ येतं, दुसऱ्याचं २४, आणि दोघंही पकडले जातात. असल्या ठरावीक चुका ओळखणारा 'बग्गी' नावाचा प्रोग्रॅम ब्राउन आणि बर्टन यांनी अमेरिकेत १९७८ सालीच मांडला होता. म्हणजे न बघण्याची आपली साधना किती जुनी, ते बघा. तरीही धाकधूक वाटत असेल तर २५ गाळून पर्यायांत १५ च्या जोडीला ६००, ७००० आणि शून्य ठेवा.

वीज नसताना यंत्रातलं घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली तरी बदलू नका. नेट नसलेल्या कक्षात दर वेळी वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि चौथीतल्या मुलीने जन्माआधीच भागाकार सोडवल्याची नोंद होते. सगळ्या यंत्रांच्या नोंदी एकत्र आल्या की आजचा प्रयत्न यादीत सगळ्यांत जुना ठरतो. आधी काय येत नव्हतं आणि आता काय येतं, याचा मागच लागत नाही.

उरला अहवाल. चाळीस जणांची एकच सरासरी काढा आणि हिरव्या रंगात छापा. केंद्रप्रमुखांनी "या मुलाला नेमकं काय अडतंय?" असं विचारलंच, तर सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगा.