पट्टी पुसून ठेवली

ओली फिल्म पदराने पुसायची नसते, हे वाक्य आयुष्यात कधी मोठ्याने म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं. गेल्या रविवारी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडून.

मी रोल घरीच धुतो. ३६ फोटोंचा रोल उलगडला की दीड मीटरच्या वर भरतो. तो बाथरूममधल्या दांडीला चिमट्याने टांगायचा, खाली वजनाला दुसरा चिमटा. आमच्याकडे बोअरचं पाणी. ते तसंच वाळू दिलं तर फोटोतल्या आभाळावर क्षारांचे गोल डाग उमटतात. म्हणून शेवटची विसळणी बॅटरीवाल्याकडून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यात. धूळ खाली बसावी म्हणून आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, मग दार लावून घ्यायचं. सगळं केलं. दोन रोल टांगले, दोन्ही दिवे घाटातल्या पालखीचे. आणि दूध आणायला खाली गेलो.

आत्या डोहाळजेवणाहून परतली होती. जरीकाठी नेसून.

"अरे, तुझी ती पट्टी मोरीत ठिबकत होती. पुसून ठेवली हो."

"कशाने?"

"पदराने. स्वच्छ आहे, आजच घडी मोडलीय."

"आत्या, अगं ओली असताना तिला बोटसुद्धा लावायचं नसतं!"

"का? विटाळ होतो?"

मी समजावलं. वरचा थर पाण्याने फुगतो, सायीसारखा मऊ होतो. सायीवरून कोणी जरीचा काठ फिरवतं का?

"साय मोरीत टांगतं का कोणी?" आत्या म्हणाली. "आणि दोन्ही बाजूंनी पुसलीय. एक बाजू जरा चिकट लागली, तिथे जोर लावला. दुसरी पट्टीही पुसणार होते, तेवढ्यात कुकर झाला."

चिकट बाजू. तीच चित्राची बाजू. नुसती चकचकीत बाजू खरवडली असती तर जुन्या फोटोग्राफरांचा इलाज होता: नाकाच्या कडेचं तेल बोटावर घेऊन चरा भरायचा, प्रिंटवर दिसत नाही. माझं नाक तयार होतं. पण इथे ज्या चांदीचं चित्र बनतं ती चांदीच खरवडून गेली, प्रिंटवर काळी रेघ पक्की. स्कॅनरमधली डाग काढायची सोयही कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण ती इन्फ्रारेडवर चालते आणि फिल्ममधली चांदी तेच अडवते. त्यामुळे सोमवारपासून रोज रात्री एकेक रेघ माउसने पुसत बसलोय. चार फोटो झाले. घाटात त्या दिवशी पावसाचा टिपूस नव्हता. माझ्या उभ्या फोटोंत धो धो कोसळतोय आणि आडव्या फोटोंत वारकऱ्यांच्या डोक्यावरून विजेच्या तारा गेल्यात.

चिडण्याचं कारण पदर नाहीच. या घरात लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागला तर तीन पिढ्यांचा उद्धार होतो. हीच आत्या पापडांवर कावळा बसू नये म्हणून भर उन्हात गच्चीवर काठी घेऊन बसते. तिला कोणी विचारत नाही, एवढं काय त्यात, बाजारात मिळतात की. मला सगळे विचारतात. बायकोने तर त्याच दिवशी विचारलं, "मोबाइलमध्ये नव्हते का काढलेस?" होते काढलेले. तो मुद्दा नाही.

मग मी जरा नीचपणा केला. चातुर्मासात कांदाही न खाणाऱ्या आत्याला विचारलं, "तो चिकट थर जिलेटिनचा असतो. जिलेटिन कशापासून करतात, माहितीये?"

"कशापासून?"

"जनावरांच्या हाडांपासून. कातड्यापासून."

आत्याने पदराकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे, मग देवघराकडे. एक शब्द न बोलता टॉवेल उचलला. बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा मला फार बरं वाटलं. मी चहासुद्धा टाकला.

डोक्यावरून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि मला दुसरा रोल आठवला.

बोअरचंच पाणी.