तेरा-दहा सोडून काहीही

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जुलैअखेर मका माणसाच्या डोक्याच्या वर जातो आणि ऑगस्ट लागला की माणसाचं डोकं जाग्यावर राहत नाही. दोष मक्याचा नाही, फुटबॉलचा.

मी लिंकनमध्ये राहतो. या राज्यात समुद्र नाही, डोंगर नाही आणि कुठल्याही खेळाचा मोठा व्यावसायिक संघही नाही. आहे तो विद्यापीठाचा फुटबॉल संघ, कॉर्नहस्कर्स. फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा. म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला मी हे नाव समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "शेंगा फोडायला बसल्यागत की रे. मग जिंकणार कधी?"

प्रश्न बरोबर आहे. गेली पंचवीस वर्षं अख्खं राज्य हाच प्रश्न विचारतंय. तरी ३ नोव्हेंबर १९६२ पासून आजपर्यंत घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपलेली आहेत. प्रत्येक सामन्याची! १९६२ साली आई तिसरीत होती. सामन्याच्या दिवशी पंच्याऐंशी हजारांवर माणसं लाल कपडे घालून मेमोरियल स्टेडियममध्ये शिरतात, आणि तेवढ्या वेळापुरतं ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं.

मी २००९ च्या ऑगस्टात इथे शिकायला आलो. सप्टेंबरात कुणीतरी फुकट तिकीट दिलं. तिकिटं खपल्याचा तो सलग तीनशेवा सामना होता आणि आम्ही ५५-० असे जिंकलो. नियम एकही कळला नाही, पण शून्य कळलं. तिथेच घात झाला. मला वाटलं, हे असंच असतं. डिसेंबरात टेक्सासविरुद्ध अजिंक्यपदाच्या सामन्यात वेळ संपली, आमचे खेळाडू मैदानात धावले, आम्ही वसतिगृहात नाचलो, आणि पंचांनी घड्याळात एक सेकंद परत घातला. त्या एका सेकंदात टेक्सासने चेंडू खांबांमधून मारला आणि आम्ही १३-१२ असे हरलो. तो सेकंद अजून माझ्या अंगात आहे. डॉक्टरांना दाखवता येत नाही एवढंच.

शेजारी एक आजोबा राहतात. निवृत्त शेतकरी. त्यांची हंगामी तिकिटं वडिलांकडून आलेली, आपल्याकडे बारा गुंठे यावेत तशी. १९७०, ७१, ९४, ९५, ९७ ही अजिंक्यपदाची सालं ते पावकीच्या चालीवर म्हणतात. जुने प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांचं नाव आलं की टोपी काढतात. पंचवीस वर्षांत २५५ विजय मिळवून तो १९९७ च्या हंगामानंतर निवृत्त झाला, आणि पुढे आम्हाला श्रीमंताघरच्या पोरांना होतो तो आजार झाला. २००३ मध्ये नऊ सामने जिंकलेल्या प्रशिक्षकाला काढलं. का, तर नऊच जिंकतो. २०१४ मध्येही नऊ जिंकलेल्याला काढलं. आज कुणी नऊ जिंकून दिले, तर आजोबा त्याला कोपऱ्यावरची जमीन बक्षीसपत्राने लिहून देतील.

मग हरण्यातही आम्ही प्रावीण्य मिळवलं. २०२१ मध्ये बारापैकी नऊ हरलो, आणि नऊच्या नऊ वेळा नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. धड आपटणंही नशिबात नाही, प्रत्येक वेळी दारापर्यंत जाऊन चप्पल तुटणार. २०२२ चा पहिला सामना आयर्लंडमध्ये डब्लिनला होता. अकरा गुणांनी पुढे असताना, काहीएक गरज नसताना, आमच्या प्रशिक्षकाने डाव टाकला आणि चेंडू समोरच्यांच्या हातात देऊन बसला. ३१-२८, हरलो. त्या दिवशी तिथली कार्डाची यंत्रणा बंद पडली म्हणून बिअर फुकट वाटली होती. आमच्या गेल्या दहा वर्षांतला हा सर्वांत यशस्वी परदेश दौरा.

इथे सहा सामने जिंकले की वर्षअखेरीस एका जादा सामन्याचं आमंत्रण येतं. त्याला 'बोल' म्हणतात. २०१७ ते २०२३ अशी सात वर्षं आम्हाला फक्त बोल लावले गेले, बोलावलं कुणी नाही. २०२३ मध्ये पाच जिंकून झाले होते, चार बाकी होते, चारांतला एक हवा होता. चारही हरलो. शेवटचा आयोवाशी, अगदी शेवटच्या क्षणाला, १३-१०. २०२४ मध्येही आयोवाशी शेवटच्या क्षणाला हरलो. किती? १३-१०. आमच्या घरात आता तेरा दाहे एकशे तीस कुणी मोठ्याने म्हणत नाही.

तर अशा माणसाने यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात काय करायला हवं? गप्प बसायला हवं. मी तसं ठरवलंही होतं. यंदा मनात काही आणायचं नाही, मोदकांकडे लक्ष द्यायचं.

आणि आजोबांनी कुंपणावरून हाक मारली. "तिसरं वर्ष," ते म्हणाले.

आमचे आताचे प्रशिक्षक मॅट रूल. ते टेंपल विद्यापीठात होते, तेव्हा पहिल्या वर्षी दोन जिंकले, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी दहा. मग बेलरला गेले. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी सात, तिसऱ्या वर्षी अकरा. आमच्याकडे पहिल्या वर्षी पाच झाले, दुसऱ्या वर्षी सात. आणि हे तिसरं! आजोबांनी हा हिशेब बियाण्याच्या पाकिटाच्या पाठीमागे मांडून आणला होता आणि तिसऱ्या ओळीपुढे पेन्सिलीने मोठ्ठं गोल टिंब काढलं होतं. मी ते टिंब पाहिलं आणि माझा निश्चय विरघळला. शिवाय यंदा ओहायो स्टेटशी सामना नाही, ऑरेगनशी नाही. आमच्या संघटनेचं नाव बिग टेन आणि संघ अठरा, त्यामुळे सगळ्यांशी गाठ पडत नाही, हे देवाचे उपकार. सामने टाळणं हाही पराक्रमच, असं मी आईला सांगितलं. तिने नुसतं पाहिलं.

मग तिने विचारलं, "कलम आहे का रायवळ?"

मला कळेना.

"तिसऱ्या वर्षी आंबा धरतो का म्हणून विचारतोयस ना? कलमाचं झाड असेल तर धरेल. रायवळ असेल तर दहा वर्षं थांब."

मी हे आजोबांना इंग्रजीत सांगितलं. कलम करण्याची कृती हातवाऱ्यांनी दाखवली. ते बराच वेळ कुंपणाला टेकून गप्प राहिले. मग म्हणाले, पूर्वी सगळे रायवळच होते. गावोगावची शेतकऱ्यांची पोरं शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने संघात यायची, चार वर्षं वाढायची, पाचव्या वर्षी फळ द्यायची. आता कुणीही खेळाडू हंगाम संपला की एका कॉलेजातून दुसऱ्यात जातो. इकडची फांदी तिकडे, तिकडचा डोळा इकडे. या जुलैपासून तर कॉलेजं खेळाडूंना सरळ पैसे देऊ लागली आहेत, वर्षाला एकेका कॉलेजाला दोन कोटी डॉलरच्या वर मुभा. या वसंतात रूलनी दरवर्षीचा सरावाचा जाहीर सामनाही रद्द केला, कारण तो पाहून दुसरे आमची पोरं हेरून नेतात. "थोडक्यात," आजोबा म्हणाले, "चांगलं झाड रस्त्याच्या कडेला लावायचं नाही."

आईला हे फारच पटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं कुंपणाशी बोलत असतात. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि मी मध्ये नसलो की संभाषण जास्त चांगलं चालतं.

खरी अब्रू गेली ती वाणसामानाच्या यादीत. बायकोने गणपतीची यादी फ्रीजवर लावली होती. मी सकाळी चहा घेता घेता, अगदी सहज, बाजूला बारा सामने लिहिले. दुकानात उभं राहून तिने मला फोन केला.

"अहो, तांदळाच्या पिठापुढे 'मिशिगन, बहुतेक' असं काय लिहिलंय?"

"ते वेगळं आहे."

"आणि गुळापुढे 'हक्काचा'?"

तो ॲक्रन. हक्काचा. ह्यूस्टन क्रिश्चनही हक्काचा, ते नारळापुढे होतं. नॉर्थवेस्टर्न जिंकायलाच हवा. मिशिगन स्टेट घरी आहे. यूएससीपुढे प्रश्नचिन्ह, पेन स्टेटपुढे 'जाऊ दे'. पहिल्यांदा बेरीज सात आली. दात घासताना आठ झाली. रात्री अंथरुणात मिनेसोटा आमच्या खात्यात वळवल्यावर नऊ. पहाटे तीनला जाग आली तेव्हा मी दहावर होतो आणि बाद फेरीसाठी रजा कुठून काढायची याचा विचार करत होतो. गेल्या वर्षीपासून बाद फेरीत बारा संघ घेतात, ही माहिती माझ्यासारख्याच्या हाती पडायला नको होती. बायको दुकानातून आली ती सगळं आणून, फक्त वेलदोडे विसरून. त्या जागी 'आयोवा' असं लिहून मी गिरवून खोडलं होतं.

तिचं म्हणणं साधं आहे. इथला मुलींचा व्हॉलीबॉल संघ पाहा. पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं, आणि ३० ऑगस्ट २०२३ ला याच फुटबॉलच्या मैदानात त्यांचा सामना बघायला ९२,००३ माणसं आली होती. ती स्वतः त्या वरच्या तीनांत होती असं ती सांगते. "जिंकणारा संघ त्याच गावात, तिकीट स्वस्त, आणि तुम्ही मात्र तिकडे जाऊन रडणार." यावर माझ्याकडे उत्तर नाही. सासर आणि माहेर एकाच गावात असलेल्या बाईसारखं माझं झालंय, सुख दिसतंय पण मुक्काम दुसरीकडे.

आईला मी जुने सामने दाखवून तयार केलं. 'पायाने मारत नाहीत तर फुटबॉल कसला', हा प्रश्न तिने विचारला नाही. तिचं लक्ष भलतीकडेच. प्रत्येक खेळीआधी खेळाडू गोल करून कुजबुजतात, ती तिच्या मते ग्रामसभा. "एवढी चर्चा करून शेवटी सगळे एकमेकांच्या अंगावरच पडतात, मग ठराव काय झाला होता?" पण चेंडू दहा यार्ड गेला की नाही हे ठरवायला दोन खांब आणि साखळी घेऊन माणसं मैदानात आली, तशी ती ताठ बसली. "मोजणीवाले!" आमच्या बांधाचा दावा सतरा वर्षं चालला होता. साखळी ताणून धरली, चेंडू चार बोटं कमी पडला, आणि आईने टीव्हीला सांगितलं, "ती साखळी सैल धरलीय त्याने. फेरमोजणी मागा." त्या क्षणी ती पक्की नेब्रास्कन झाली.

तिच्यापासून लपवलेली एकच गोष्ट होती, तीही बाहेर पडली. गेल्या २८ डिसेंबरला यांकी स्टेडियममध्ये आम्ही बोस्टन कॉलेजला २०-१५ हरवलं, आठ वर्षांनी बोल मिळाला आणि तो जिंकलाही. शेवटची पाच मिनिटं मी बाथरूममध्ये होतो. प्रकृतीने नव्हे, मुद्दाम. मी बघायला लागलो की ते चेंडू टाकतात, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करता येणार नाही, पण नाकारून दाखवा. लेक म्हणतो, "बाबा, यंदा बारा सामने आहेत. आपल्याकडे बाथरूम एकच आहे."

यंदाचा पहिला सामना कॅन्सस सिटीत, ॲरोहेड स्टेडियममध्ये, सिनसिनाटीशी. गुरुवार, २८ ऑगस्ट, रात्री आठ. इथल्या पंचांगाप्रमाणे गणपती मंगळवारी बसत होता आणि भारतात बुधवारी. आई म्हणाली, सांगलीत ज्या दिवशी तो आपला. म्हणजे दीड दिवसाचा आमचा गणपती नेमका गुरुवारी संध्याकाळी उठणार. मी गुरुजींच्या यूट्यूबवर विचारून पाहिलं, विसर्जन दुपारी चाललं असतं का. आईने ते ऐकलं.

"देवाला सामन्यासाठी लवकर घालवतोस?"

संध्याकाळी सातला आजोबा आले. लाल टोपी, लाल सदरा, हातात ताटभर सिनॅमन रोल. इकडे ते तिखट चिलीबरोबर खातात, शाळेपासूनची सवय आहे म्हणे. आईने एक उचलून उजेडात धरला, गोड चकली आहे असं ठरवलं, अंडं आहे का विचारलं आणि उत्तर यायच्या आत ताट बायकोकडे सरकवलं. त्यांना दोन मोदक दिले. आईने लाल इरकल नेसली होती. योगायोग, असं ती म्हणाली.

आरती झाली. अंगणात बादली भरून ठेवली होती. मूर्ती पाण्यात सोडताना आम्ही चौघं ओरडलो, आजोबा टोपी छातीशी धरून उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं, काय म्हणालात?

"पुढच्या वर्षी लवकर या."

"अरे," ते म्हणाले, "हे तर आम्ही नोव्हेंबरात म्हणतो."

आई अजून बादलीशी वाकून काहीतरी पुटपुटत होती. आठला सहा मिनिटं होती. आत टीव्ही लागला होता, लेकाने बाथरूमचा दिवा आधीच लावून ठेवला होता. मी आईला हात धरून उठवलं आणि विचारलं, काय मागितलंस?

"फार नाही," ती म्हणाली. "म्हटलं, तेरा-दहा सोडून काहीही दे."