‘लाइक’वर बंदी घालणारा तो मेसेज

‘इंग्रजी निबंधात पैकीच्या पैकी मार्क’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. असले मेसेज मी उघडतही नाही. पण परवा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, असलेल्या पुतणीच्या वहीत आजोबांवरचा निबंध दिसला, त्यात हे वाक्य: ‘माय ग्रँडफादर वर्क्स ॲज अ बुल.’ आधी तिनं ‘लाइक’च लिहिलं होतं, मग खोडून ‘ॲज’ केलेलं. कारण मेसेजचा पहिलाच नियम: ‘लाइक’ हा बोलण्यातला हलका शब्द, लिहिताना सगळीकडे ‘ॲज’ वापरा. विचारलं तर म्हणते, “काका, ग्रुपवर आलंय म्हणजे बरोबरच असणार की!”

काय बरोबर? ‘वर्क्स लाइक अ बुल’ म्हणजे बैलासारखे राबतात. ‘वर्क्स ॲज अ बुल’ म्हणजे बैल म्हणून कामाला आहेत. चिखलणीच्या दिवसांत आमचे आप्पा दिवसभर शेतात असतात हे खरं, पण नातीनं त्यांना थेट औतालाच जुंपलं! अशा वाक्यात ‘ॲज’पुढे नुसतं नाम आलं, की ते माणसाचं काम किंवा भूमिका सांगतं: ‘वर्क्स ॲज अ क्लार्क’. सारखेपणा दाखवायचा तर तिथं ‘लाइक’च हवा. आणि हलका कसला? शेक्सपिअरच्या उपमांतही ‘लाइक’ आहे.

यात अर्धं खरं एवढंच, की पुढे कर्ता-क्रियापद येत असेल तर जुन्या वळणाचं व्याकरण ‘ॲज’ मागतं: ‘डू ॲज आय से’. इंग्रज तिथंही ‘लाइक’ सर्रास बोलतात, पण पेपरात ‘ॲज’ लिहिलेलं बरं. मेसेजवाल्यानं हे कुठंतरी अर्धवट ऐकलं आणि बाकीची सगळी वाक्यं त्याच्या दावणीला बांधली.

दुसरा हुकूम: सोबतच्या शंभर उपमा पाठ करा, प्रत्येक परिच्छेदात एक तरी घाला. यादीत नेहमीचीच मंडळी: ‘ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन’, ‘ॲज बिझी ॲज अ बी’, ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनं 1946 साली इंग्रजी लेखनाबद्दल सहा नियम दिले. त्यातला पहिलाच असा, की छापील मजकुरात नेहमी दिसणारी उपमा किंवा रूपक वापरू नका. म्हणजे या मेसेजच्या नेमकं उलट. आणि निव्वळ पाठांतर केलं की अर्थाचीही वाट लागते. ‘ॲज कूल ॲज अ क्युकंबर’ हे डोकं शांत ठेवणाऱ्या माणसाबद्दल म्हणतात. आमच्या पोरीनं ते जत्रेतल्या लस्सीला लावलंय.

‘नॉट’नंतर ‘सो… ॲज’च हवं, ‘ॲज… ॲज’ चूक, हेही खोटं. दोन्ही चालतं. ‘दॅन मी’ लिहिलं तर मार्क जातात म्हणे. सरसकट तसं नाही, ‘शी इज टॉलर दॅन मी’ लिहिलेलं चांगल्या पुस्तकांतही सापडेल.

एका ठिकाणी मात्र मला हसूच आलं. मेसेज म्हणतो, तुलनेत ‘अदर’ गाळला तरी काही बिघडत नाही. आता लिहा: ‘बेळगाव इज मोअर ब्यूटिफुल दॅन एनी सिटी इन कर्नाटका.’ स्वतःची तुलना स्वतःशी होत नाही, त्यामुळे इथं ‘अदर’ नसेल तर बेळगाव कर्नाटकाबाहेरचं ठरतं. उलट ‘एनी अदर सिटी इन महाराष्ट्र’ म्हटलं, की बेळगाव महाराष्ट्रात! सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि इथं पोरांनी एका शब्दात निकाल लावला.

आमची मुलं खरी जिथं अडखळतात, त्याबद्दल मेसेजात अक्षर नाही. ‘बेळगावची हवा हुबळीपेक्षा थंड’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत ‘द क्लायमेट ऑफ बेळगाव इज कूलर दॅन हुबळी’ लिहिलं, की हवेची तुलना गावाशी झाली. तिथं ‘दॅन दॅट ऑफ हुबळी’ हवं.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियरच्या पुढे ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतं, हे मेसेजनं बरोबर दिलंय. मान्य. ते कुठल्याही गाईडात मिळतं.