ॲडोब टाकून दे की!

सोलापुरात उन्हाळ्यात मला दोनच प्रश्न विचारले जातात. पाणी कधी सुटणार, आणि पीडीएफ का उघडंना. पाण्याचं मला काही सांगता येत नाही. पीडीएफचं येतं, पण ते ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते.

हे सगळं सुरू झालं १४ ऑक्टोबर २०२५ पासून. त्या दिवशी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट अधिकृतपणे थांबले. जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत जे जुने डेस्कटॉप विंडोज ११ च्या अटींत बसले नाहीत, त्यातले काही भंगारात गेले आणि काही भाच्यांच्या तावडीत सापडले. भाचा दिवाळीला येतो, पेनड्राइव्ह खुपसतो, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो, 'मामा, आता व्हायरसचं टेन्शन नाही' म्हणतो आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघून जातो. मागं उरतात मामा. आणि मामांच्या शेजारी मी.

"काय बे, पीडीएफ उघडंना की. मी डबल क्लिक केलो, दोन खेपा केलो. ते ॲडोब टाकून दे की जरा."

या मामांचं नाव सांगत नाही, कारण असे एक मामा प्रत्येक गल्लीत आहेत. ॲडोब म्हणजे विंडोजवर ते ज्यात पीडीएफ उघडायचे, तो पीडीएफ रीडर.

पहिली गोष्ट ही की, लिनक्सवर पीडीएफ रीडर टाकावाच लागत नाही. तो आधीच असतो. मिंटमध्ये एक्सरीडर, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत एव्हिन्स, केडीई हा डेस्कटॉप असलेल्या मशीनवर ऑक्युलर. पण मेनूत त्याचं नाव असतं 'डॉक्युमेंट व्ह्यूअर'. हे नाव इतकं सरकारी आहे की मामांना वाटतं, इथं अर्ज करावा लागेल. लाल चौकोनात पांढरं चिन्ह दिसत नाही तोवर त्यांच्या लेखी पीडीएफची सोय झालेली नसते.

म्हणून मामा स्वतःच गूगल करतात, सेटअपची ईएक्सई फाईल उतरवून घेतात आणि तिच्यावर डबल क्लिक करतात. ही फाईल विंडोजसाठी असते. लिनक्स बहुधा तिला गाठोडं समजून आतलं सामान उलगडून दाखवतं, नाहीतर ही फाईल कशानं उघडू असं उलट विचारतं. मामा दोन्ही वेळी 'ओके' दाबतात.

ॲडोबचा रीडर लिनक्सवर कधीच नव्हता, असंही नाही. होता. त्याची शेवटची आवृत्ती ९.५.५, साल २०१३, तीसुद्धा ३२ बिटची. कुणाला हट्टच असेल तर जुनी डेब फाईल (लिनक्सचा सेटअप) शोधायची, ती बसवणाऱ्या डीपीकेजीला आय-३८६ हे ३२ बिटचं आर्किटेक्चर मान्य करायला लावायचं, मग जीटीके-२, लिबएक्सएमएल-२ अशा लायब्रऱ्यांच्या, म्हणजे रीडरला लागणाऱ्या मदतनीस फाईलींच्या, ३२ बिटी प्रती आणायच्या. एखादी राहून जाते. डीपीकेजी म्हणतं, अवलंबित्व अपूर्ण. आपण नेटवर वाचून 'ॲप्ट, डॅश डॅश फिक्स-ब्रोकन, इन्स्टॉल' अशी आज्ञा देतो, आणि ॲप्ट, म्हणजे पॅकेजं आणणारा-काढणारा कारभारी, भांडण मिटवायचा सगळ्यात सोपा मार्ग काढतं: तासभर खपून बसवलेला तो रीडरच काढून टाकतं. खाली लिहिलेलं असतं, की हे पॅकेज आता काढलं जाईल. ते वाचायच्या आत आपण एंटर दाबलेलं असतं.

आणि समजा बसला, तरी २०१३ नंतर त्याच्या सुरक्षेची एकही भेग बुजवलेली नाही. मेलवरून आलेली अनोळखी पीडीएफ त्यात उघडणं म्हणजे गड्डा यात्रेच्या गर्दीत पाकीट मागच्या खिशात ठेवून फिरणं.

तेव्हा मामांना आपण ऑक्युलर देतो. फॉर्म भरणं, पिवळं हायलाइट, सही तपासणं, सगळ्यात तो पुढं आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबलं की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडते. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑक्युलर'. सुडो म्हणजे 'मालकाच्या हक्कानं कर'. आज्ञा इथं देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलला मात्र इंग्रजी लहान अक्षरंच लागतात. आणि ऑक्युलरचं स्पेलिंग ओ, के, यू, एल, ए, आर. सी घातला तर पॅकेज सापडत नाही असं उत्तर येतं, आणि मामा म्हणतात, बघ, लिनक्सवर नाहीच ते.

पुढं पासवर्ड. सुडो पासवर्ड मागतं तेव्हा बऱ्याच मशीनवर पडद्यावर काहीच उमटत नाही. टिंब नाही, चांदणी नाही.

"कीबोर्ड मेला की बे!"

मेलेला नसतो. जेवढं टाइप केलं तेवढं आत गेलेलं असतं. पण मामा खात्री करायला तोच पासवर्ड आणखी दोनदा टाइप करतात, म्हणजे आत तिप्पट पासवर्ड जातो आणि तो अर्थातच चुकतो. यावर उपाय एकच. न बघता, न थांबता, एकदाच टाइप करून एंटर.

पासवर्ड बरोबर आला की कधीकधी कुलूप आडवं येतं. 'कुड नॉट गेट लॉक' आणि पुढं डीपीकेजीचा लांबलचक पत्ता. याचा अर्थ एवढाच, की दुसरं कुणीतरी, बहुतेक वेळा आपोआप चालणारं अपडेट, आत्ता नळावर बसलंय. एका वेळी एकाचीच घागर. नेटवर लोक ती लॉकची फाईलच उडवायला सांगतात. उडवू नका. दोघं एकदम पॅकेजांच्या यादीत लिहायला लागले की यादीचा चिवडा होतो आणि तो निस्तरायला आख्खी दुपार जाते. पाण्याच्या पाळीला चार-चार दिवस थांबणाऱ्या गावाला दहा मिनिटं थांबणं जड नाही.

मग ॲप्ट सांगतं, ऑक्युलर एकटा येणार नाही. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर त्याच्यासोबत केडीईच्या लायब्रऱ्यांची आख्खी वरात येते. मुलगा बघायला एकाला बोलावलं आणि टेम्पो भरून माणसं आली, तसं. शेवटी वाय की एन असं विचारतं. वाय मोठ्या लिपीत असतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी होकार. डिस्कवर जागा असेल तर येऊ द्यावं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फ्लॅटपॅक या दुसऱ्या जातीचं पॅकेज घेतलं तर ते स्वतःचा रनटाइम, म्हणजे चालायला लागणारं सगळं सामान, घेऊन येतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा तिथंच संपला म्हणून समजा. उबुंटूवर स्नॅप (तिथलं बंदिस्त पॅकेज) घेतला आणि पेनड्राइव्हमधली फाईल दिसेना, तर रीडरवर रागावू नये. स्नॅपला बाहेरच्या ड्राइव्हची परवानगी वेगळी द्यावी लागते. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत त्या ॲपच्या परमिशनमध्ये 'रिमूव्हेबल' असं काही लिहिलेलं बटण असतं, ते चालू करायचं.

मशीन दोन जीबी रॅमचं असेल तर ही वरात बोलावूच नये. एमयूपीडीएफ टाकावा. चटकन उघडतो. फक्त त्याला मेनू नाही, बटण नाही, काही नाही; बंद करायला क्यू दाबायचा. मामा तो बंद करायला मशीनचा स्विच दाबतात.

इन्स्टॉल झालं. मामा डबल क्लिक करतात. फाईल जुन्याच रीडरमध्ये उघडते, कारण डीफॉल्ट बदललेला नसतो. पीडीएफवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ओपन विथ, ऑक्युलर निवडा, 'सेट ॲज डीफॉल्ट'. ही शेवटची पायरी विसरल्यामुळं किती जणांनी तीन-तीन रीडर टाकले असतील.

आणि आता खरी गंमत. एवढं करूनही ती फाईल उघडंनाच.

कारण रीडर बदलला तरी आतला स्वयंपाकी तोच आहे. एव्हिन्समधून निघाला ॲट्रिल, ॲट्रिलमधून एक्सरीडर, आणि ऑक्युलर वेगळ्या घराण्यातला असला तरी पान रंगवायचं काम या चौघांचं एकच इंजिन करतं: पॉप्लर, जे २००५ मध्ये एक्सपीडीएफ या जुन्या रीडरमधून फुटून निघालं. चार डबे, चटणी एकच. एकात तिखट लागली म्हणून दुसऱ्या डब्यातली खाऊन बघण्यात अर्थ नाही. दुसरं मत घ्यायचं तर दुसऱ्या इंजिनकडं जावं लागतं. एमयूपीडीएफचं इंजिन स्वतःचं, फायरफॉक्सचं वेगळं, क्रोमचं वेगळं. मिंटवर फायरफॉक्स आधीपासून असतोच. म्हणजे दुसरा डॉक्टर घरातच बसलेला, आणि आपण गावभर रिक्षा फिरवतोय.

मामांच्या फाईलवर काय दिसतं? 'प्लीज वेट' असं लिहिलेलं एक पान. मामा सुशिक्षित माणूस, ते वेट करतात. चहा होतो. पान हलत नाही. ते हलणारही नाही, कारण तो फॉर्म एक्सएफए जातीचा आहे. अशा फाईलमध्ये खरा फॉर्म एक्सएमएलमध्ये गुंडाळलेला असतो आणि 'प्लीज वेट' हे वरचं झाकण. ज्याला आतलं उलगडता येत नाही तो रीडर झाकणच दाखवत बसतो, आणि पॉप्लरला ते येत नाही. खात्री करायची असेल तर पॉप्लर-युटिल्स टाकून टर्मिनलमध्ये 'पीडीएफइन्फो' आणि पुढं फाईलचं नाव द्यायचं. उत्तरात 'फॉर्म' नावाच्या ओळीपुढं एक्सएफए दिसलं की विषय मिटला. ती फाईल फायरफॉक्समध्ये उघडायची. ९३ व्या आवृत्तीपासून त्याला हे फॉर्म दाखवता येतात. भरताही येतात, सेव्हही होतात. पण फॉर्मच्या तळाशी थेट सर्व्हरला पाठवायचं किंवा डिजिटल सही उमटवायचं बटण असेल, तर त्याच्या नादी न लागता सरळ विंडोजचं मशीन गाठावं. ही हार मानायला मला कमीपणा वाटत नाही.

दुसरी जात आधारची. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि पुढं जन्मसाल. आठ अक्षरांचा खेळ. विठ्ठल असेल तर व्ही, आय, टी, टी आणि १९५८. पण आधारवर जे स्पेलिंग छापलंय तेच चालतं, शाळेच्या दाखल्यावरचं नाही. उघडल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि मामांना तिथं हिरवी टिकच हवी असते. ते प्रश्नचिन्ह पानावरचं चित्र आहे, ऑक्युलर ते पुसत नाही. सही खरी की खोटी हे तो डावीकडच्या सिग्नेचर पॅनेलमध्ये सांगतो, आणि प्रमाणपत्र विश्वासू आहे की नाही हे फायरफॉक्सच्या प्रमाणपत्रांच्या साठ्यावरून ठरवतो. साठ्यात भारताचं मूळ प्रमाणपत्र नसेल तर सही अस्सल असूनही 'ओळखत नाही' म्हणतो. मामांना हे समजावण्यापेक्षा हिरवी टिक स्केचपेननं काढणं सोपं, पण तसं करू नये.

तिसरी जात आपली, मराठी. एखाद्या ऑफिसातून आलेली पीडीएफ, समोर ढळढळीत 'सोलापूर' लिहिलंय, आणि सर्चमध्ये 'सोलापूर' टाकलं तर शून्य सापडतं. कॉपी करून दुसरीकडं चिकटवलं तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं सांडतात. मामा म्हणतात, तुझ्या लिनक्सला मराठी येत नाही. लिनक्सला येतं हो, फाईललाच येत नाही. ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. अशा फॉन्टनं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना 'सो' दिसतो, पण खुर्चीवर नाव दुसऱ्याचंच. कुठलाही रीडर टाका, अगदी खुद्द ॲडोबचा, सर्च खुर्चीवरचं नाव वाचणार. इथं 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा कामाला येते. तिच्या यादीत 'ईएमबी' नावाचा रकाना असतो. तिथं 'येस' असेल तर फॉन्ट फाईलच्या पोटात आहे, निदान दिसायला नीट दिसेल. 'नो' असेल तर पॉप्लर हाताला लागेल तो फॉन्ट घेऊन पान रंगवतं, आणि मग काना एकीकडं, मात्रा भलतीकडं. मूळ फॉन्ट मशीनवर टाकला तरच ते सुधारतं. मजकूर शोधता यायलाच हवा असेल, तर पानांचे ३०० डीपीआयचे फोटो काढून टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून मराठी वाचून घ्यायचं. त्यासाठी 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. जोडाक्षरं मात्र डोळ्यांखालून घालायची. 'क्ष' आणि 'क्श' यांत त्याचं मत आपल्याशी जुळेलच असं नाही.

राहिला ॲडोबचा आग्रह. डेस्कटॉपवर ऑक्युलरचा शॉर्टकट ठेवायचा, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या, नाव खोडून 'पीडीएफ' करायचं आणि आयकॉन लाल रंगाचा निवडायचा. मामांची तक्रार तिथल्या तिथं निम्म्यावर येते.

"आता कसं भारी उघडतंय! पहिल्यांदाच टाकलास तर काय झालं असतं?"

छपाईला शेवटी मामा पेनड्राइव्ह घेऊन नवी पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडं जातात. घरी प्रिंटर आहे, पण त्यात कागदाचा आकार लेटर निवडलेला राहिल्यामुळं ए-४ वर तळाची ओळ कापली जाते, आणि कापलेली ओळ नेमकी सहीचीच असते. प्रिंटच्या खिडकीत ए-४ आणि 'फिट टू प्रिंटेबल एरिया' निवडलं की हे थांबतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलंय. ते तरी जातात. झेरॉक्सवाल्याकडं विंडोज आहे ना, तिथं ॲडोब असणार.

मी सोबत गेलो. पोरानं पेनड्राइव्ह लावला, फाईल ओढून क्रोमच्या टॅबवर टाकली, कंट्रोल आणि पी दाबलं.

"ॲडोब कुठाय बे?" मामांनी विचारलं.

"काय हो ते?" पोरगं म्हणालं. "दोन कॉपी काढू का तीन?"