एक हात मदतीचा, दुसऱ्या हातात माइक

पूर आला की मंडळाने कार्यक्रम केलाच पाहिजे. नुसते पैसे जमवून गुपचूप पाठवून दिले तर आपल्या भागात माणुसकी शिल्लक आहे हे लोकांना कळणार कसं? शिवाय हल्ली पूरही आयोजकांची सोय बघून येतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी सोलापूर-धाराशिव जिल्ह्यांतल्या करमाळा, माढा, परांडा तालुक्यांत घरांत-गोठ्यांत शिरली ती ऐन नवरात्रात. हॉल बुक झालेला, साउंडवाल्याला ॲडव्हान्स गेलेला, कलाकारांच्या तारखा घेतलेल्या. दांडियाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात ‘पूरग्रस्तांच्या मदतीसाठी’ एवढी पट्टी चिकटवली की झालं. दिवाळी पहाटेला तीच पट्टी पुन्हा चालते. फ्लेक्सवाल्याला फाइल जपून ठेवायला सांगा, पुढच्या पावसाळ्यात लागेल.

नाव शोधण्यात वेळ घालवू नका. ‘एक हात मदतीचा’ शेजारच्या मंडळाने घेतलं असेल तर ‘हात मदतीचा’ घ्या.

फ्लेक्स मात्र दहा बाय वीस फुटांचाच हवा. त्यात पासपोर्ट आकाराचे चोवीस चेहरे, तीन हात जोडलेले, एक गॉगलवाला आणि आधारस्तंभांची यादी आरामात बसते. कोणत्या गावासाठी हे चाललंय ते बसत नाही, त्याला आपला इलाज नाही.

आता पैशाचं. समजा सभागृह ३०० खुर्च्यांचं आहे आणि तिकीट ३०० रुपये. त्यातल्या १०० खुर्च्या पासवाल्यांच्या, कारण नगरसेवकांचे आजी-माजी-भावी असे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाला कार्यकर्ते असतात. उरल्या २००, म्हणजे ६० हजार. त्यातून हॉल, साउंड, मागची एलईडी भिंत, पाच वादक, एक निवेदिका, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं, चहा आणि बटाटावडा. एलईडी भिंतीवर काटकसर नको. ढगफुटीची दृश्यं त्यावर फार छान उठून दिसतात. शेवटी काही उरलं तर ते मदत, आणि नाही उरलं तर ‘भावनिक आधार’ हा शब्द आपल्याकडे आहेच.

पत्रिकेवर वेळ साडेपाचची छापा. प्रमुख पाहुणे सातला येतात. मग दीपप्रज्वलन. समईच्या वाती आधी तेलात भिजवून ठेवायच्या नाहीत आणि वरचा पंखा बंद करायचा नाही. पाहुणे सहा काड्या ओढतात, सातवीला फोटो चांगला येतो. त्यानंतर सत्कार. एका सत्काराला नाव पुकारणं, पाहुण्यांनी खुर्चीतून उठणं, शाल, नारळ, ‘इकडे बघा साहेब’, पुन्हा एकदा फोटो, असं धरून दीड मिनिट लागतं. चाळीस सत्कारांना एक तास. ज्यांनी मदत केली त्यांचा, जे करणार आहेत त्यांचा, ज्यांनी साउंड दिला (बिल लावूनच) त्याचाही. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून प्रत्यक्ष मदतीचं आवाहन ९.५५ ला ठेवा. तोवर मागच्या रांगा पार्किंगमध्ये गाड्या काढत असतात, त्यामुळे कोणाच्या खिशावर ताण येत नाही.

थर्माकोलचा चेक पाच बाय अडीच फुटांचा करा. आकडा जाहीर झालेल्या रकमेचा टाकावा. जमलेल्या रकमेचा टाकला तर चेक मोकळा-मोकळा दिसतो.

मग येतं वस्तुरूप मदतीचं. त्यात कपडे पहिले. ‘जुने पण सुस्थितीतील कपडे आणून द्यावेत’ असं लिहायचं आणि सुस्थिती म्हणजे काय ते देणाऱ्याच्या विवेकावर सोडायचं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये कमरेएवढा ढीग लागतो. चेन गेलेल्या जीन्स. इलॅस्टिक सुटलेले पायजमे. ओढणी नसलेले पंजाबी ड्रेस. ब्लाउज नसलेल्या साड्या आणि साड्या नसलेले ब्लाउज. आहेरात आलेली ती एक सिंथेटिक साडी, जी या घरून त्या घरी फिरत फिरत अखेर पुरात पोचली. कोणाचा तरी थ्री-पीस सूट, गॅदरिंगमधले फुलपाखराचे पंख, एका पायातली चप्पल. हे सगळं निवडायला दहा माणसं दोन दिवस बसतात: आधी बाई, पुरुष, मूल असं वेगळं करायचं, मग मापं, मग धुतलेलं आणि न धुतलेलं. हो, न धुतलेलं! खिशात सिनेमाचं तिकीट असलेलं! बरं, निवडलेली गाठोडी ताडपत्री नसलेल्या टेम्पोतून पावसात जातात, दुसऱ्या दिवशी कुबट वास, चौथ्या दिवशी काळे ठिपके. गावात ती शाळेच्या खोलीत उतरवतात, कारण कोरडी जागा तेवढीच. मग शाळा सुरू करायची वेळ येते, तेव्हा ती गाठोडी काढून टाकायची कुठे? ओढ्यात. ज्या ओढ्याचं पाणी घरात आलं त्याच ओढ्याच्या मोरीत तुमची जीन्स जाऊन अडकते आणि पुढच्या वर्षीच्या पाण्याची वाट अडवते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनारपट्टीवर जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. वीस वर्षं उलटली, तरी आपल्याला अजून वाटतं की ज्याचं घर गेलं त्याला आपली फाटकी चड्डी चालेल. नाही चालत. बाईला नवा परकर लागतो, नाडीसकट. नव्या निकर लागतात, मापाच्या. पॅड लागतात आणि ते टाकायची सोय लागते. दुसरीचा ब्लाउज आपल्याला होत नाही हे ब्लाउज घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं, तरी ढिगात ब्लाउज येतातच. ओल्या जमिनीवर झोपायला सतरंजी, चादर, मच्छरदाणी लागते. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला चादर पुण्याहून न्यायची म्हणजे कमाल आहे! पैसे पाठवले तर तिथल्या दुकानातून ती घेता येते, त्या दुकानदाराचीही चूल पेटते, त्याच्या दुकानातही पाणी शिरलेलं असतं. पण पैशांच्या ढिगासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही.

असो. चिडायचं नाही, सल्ला द्यायचा आहे.

औषधं गोळा करताना अर्धी कापलेली पाकिटं आवर्जून घ्या. मुदतीची तारीख बहुधा पट्टीच्या टोकाला असते आणि नेमकं तेच टोक कापून गेलेलं असतं, त्यामुळे औषध कालबाह्य आहे असं कोणी सिद्ध करू शकत नाही.

पाण्याच्या बाटल्या तर हव्यातच. छोटा हत्ती टेम्पो ओव्हरलोड न करता साधारण साडेसातशे किलो वाहतो. लिटरच्या बारा बाटल्यांचे ६० बॉक्स भरले की ७२० लिटर. माणशी दिवसाला तीन लिटर धरा: २४० माणसांचं एका दिवसाचं पाणी. दुसऱ्या दिवशी गावात पाणी शून्य आणि रिकाम्या बाटल्या ७२०. टाकीत टाकायला ब्लीचिंग पावडर आणि घरोघर द्यायला मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, हे फार स्वस्तात होतं, पण मेडिक्लोरची बाटली असते एवढीशी. पाहुण्यांच्या हातात दिसतसुद्धा नाही.

किराणा किटमध्ये तांदूळ ५ किलो, गहू ५ किलो, डाळ २, साखर, मीठ, तेल एकेक, वर चहा-तिखट-हळद-साबण, असं सोळा किलोचं ओझं होतं. गहूच द्या, पीठ नको. गावात वीज आठ दिवस नसते, गिरणी बंद असते, मग गहू कसा छान टिकून राहतो! तेलाची पिशवी तळाशी ठेवावी, म्हणजे वरच्या वजनाने ती फुटून साखरेला चिकटपणा येतो. साबण बिस्किटांना लागून ठेवला की लिंबाच्या वासाची बिस्किटं फुकट तयार होतात. सगळं पातळ कॅरीबॅगमध्ये भरा. पक्क्या गोणीला पैसे पडतात आणि तिच्यावर फोटो चांगला उठत नाही. फोटोवरून आठवलं, २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांच्या फोटोचे स्टिकर लागले म्हणून केवढी टीका झाली. त्यातून धडा घेऊन आता काही जण फोटो पिशवीवर छापूनच घेतात. स्टिकर चिकटवायची मजुरी वाचते.

दिवाळीचा फराळ पाठवणार असाल तर बेसनाचे लाडूच पाठवा. पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णीपर्यंत त्यांचं पीठ होतं.

चारा नको. म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा खाते, वाचलेली जनावरं उपाशी आहेत, हे सगळं खरं. पण स्टेजवर कडब्याची पेंढी शोभत नाही.

वाटपाला जाताना टेम्पो दोन आणि गाड्या बारा असं प्रमाण ठेवा. टेंभुर्णीला हायवे सोडून कुर्डुवाडीमार्गे आत जायचं, पण फार आत नको. डांबरी रस्त्याला लागून असलेलं गाव निवडा. तिथे तुमच्या आधी चार मंडळं येऊन गेलेली असतात, त्यामुळे लोकांना रांग लावायची सवय असते. ओढ्यापलीकडच्या वस्तीत काही पोचलेलं नसतं, पण तिकडे इनोव्हा जात नाही. किट साठ आणि घरं दोनशे असतील तर टोकन वगैरे भानगडीत पडू नका, टेम्पोचं फाळकं उघडा आणि वरून द्या. रेटारेटीचं दृश्य आपल्या व्हिडिओला उपयोगी पडतं. म्हाताऱ्या बाईला किट देताना दोन सेकंद हातातून सोडायचं नाही. कॅमेऱ्याकडे बघायचं, तिलाही बघायला सांगायचं. चिखलात उभं राहायला गमबूट नवे घ्या.

आणि आदल्या दिवशी सरपंचांना एक फोन करायला विसरू नका: ‘आम्ही तीस जण येतोय, जेवायचं बघा.’

हाच. हाच तो फोन, जो जातो! पुरात बुडालेल्या गावाला मदत करणाऱ्यांकडून पहिला फोन जातो तो स्वतःच्या जेवणाचा. ज्या फोनवर दहा मिनिटांत सगळं कळलं असतं, तो कोणी करत नाही. तलाठ्याला, आशाताईला, शाळेच्या गुरुजींना विचारा ना: किती घरांत पाणी शिरलं? वीज आहे का, गिरणी चालू आहे का, गॅस आहे की ओल्या लाकडांची चूल? जनावरं किती वाचली, चारा कुठे मिळतोय? विहिरींवरच्या किती मोटारी बुडाल्या, रिवाइंडिंगला किती लागतील? पहिल्या तीन दिवसांत चूलच पेटत नाही, तेव्हा चिवडा आणि बिस्किटं लागतात, किराणा त्यानंतर. महिन्याने खरवडून गेलेल्या रानात गाळ टाकायला ट्रॅक्टरचे तास लागतात, डिझेल लागतं, रब्बीला एकरी २५-३० किलो हरभरा किंवा चार किलो ज्वारीचं बियाणं लागतं. त्या महिन्यात तुमच्यापैकी एक तरी जातो का तिकडे? चिपळूणला २०२१ च्या जुलैत बाजारपेठेत चिखल साचला होता, फावडी, घमेली, पंप आणि हात हवे होते. फावडं घेऊन गेलेल्या पोरांनी हॉल बुक केला नव्हता.

किल्लारीचा भूकंप १९९३ चा, मुंबईचा पूर २६ जुलै २००५ चा, मग २०१९, २०२१, २०२५. अजून किती वेळा तेच ते शिकवायचं? कार्यक्रम करा, कोण नको म्हणतंय. गाणी म्हणा, दांडिया खेळा. पण आधी गावाला विचारा आणि नंतर हिशेब लावा. गणपतीच्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क ची परवानगी काढता, त्याचा हिशेब देता, मग पुराच्या वर्गणीची पावती का नाही? क्यूआर कोड खजिनदाराच्या मुलाच्या खात्याचा का? देणाऱ्याला सांगा की दोन हजारांवर रोख दिलं तर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, आणि वस्तू दिल्या तर मुळीच मिळत नाही. मग लोक आपणहून ट्रस्टच्या खात्यावर भरतील. जमा किती, एलईडीचं भाडं किती, शाली किती, बटाटावडे किती आणि गावात किती पोचलं, हे एका कागदावर लिहा आणि मंडळाच्या बोर्डावर लावा. लाज वाटेल असा आकडा असेल तर वाटू द्या.

आणि तो दहा बाय वीसचा फ्लेक्स चौकात दिवाळी उलटून गेली तरी लोंबतोय, तो उतरवा आणि दोरीसकट पाठवून द्या. दोन-तीन म्हशींच्या गोठ्यावर तेवढ्यात छप्पर होतं. चेहरे खालच्या बाजूला बांधायला सांगा, म्हशींची हरकत नसेल.