लेथला दात किती?

लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणारं यंत्र) घरी आला तेव्हा तो लेथ आहे हे फक्त मला आणि विकणाऱ्याला माहीत होतं. त्यातही विकणारा जरा साशंकच होता. बाकीच्यांना दिसत होता तो गंजलेला, काळ्या चिकट्याने माखलेला लोखंडाचा लांबोडा ढीग. "याचं करायचं काय?" बायकोने विचारलं. "याच्यावर काहीही करता येतं," मी म्हणालो. त्या 'काहीही'मध्ये लेथचे स्वतःचे हरवलेले भागही येतात आणि ते करायला आधी एक चालू लेथ लागतो, हे मात्र बोलण्याच्या ओघात राहून गेलं.

हरवलेले भाग मिळवायचे तर मॉडेल कळायला हवं. नावाची पाटी असायची तिथे रिव्हेटची दोन भोकं माझ्याकडे टकामका बघत होती. हेडस्टॉकच्या, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याच्या, पोटाशी एक ओतीव आकडा सापडला आणि मी हरखलो. तीन रात्री त्या आकड्याचं मॉडेल शोधलं. चौथ्या दिवशी टेलस्टॉक, म्हणजे समोरच्या टोकाचा आधार, पुसला, तर त्यावर वेगळाच आकडा. टूल सरकवणाऱ्या गाडीच्या पुढच्या पडद्यावर, म्हणजे एप्रनवर तिसरा, पायावर चौथा. फाउंड्रीत कुठला पॅटर्न (ओतकामाचा नमुना) कुठला हे कळावं म्हणून घातलेले नंबर ते! म्हणजे तीन रात्री मी माणसाच्या चपलेच्या नंबरावरून त्याचं आडनाव शोधत होतो. खरा सीरियल नंबर बऱ्याच लेथवर बेडच्या, म्हणजे ज्यावर हे सगळं बसतं त्या लांब पाटाच्या, टेलस्टॉककडच्या टोकाला ठोकलेला असतो. माझ्या बेडचं ते टोक आधीच्या मालकाने ऐरण म्हणून वापरलेलं.

मग मापावरून ओळखू म्हटलं. तर ब्रिटिश लोक बेडपासून सेंटरची, म्हणजे फिरण्याच्या अक्षाची, उंची सांगतात आणि अमेरिकन लोक त्याच्या दुप्पट, म्हणजे बेडवर फिरू शकणारा व्यास. त्यामुळे एकच यंत्र एकीकडे साडेतीन इंची, दुसरीकडे सात इंची. विकणाऱ्याने अर्थातच अमेरिकन हिशेब धरला होता.

राहता राहिला चेंज गिअरचा डबा. आटे पाडताना लीड स्क्रूला, म्हणजे टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, किती वेग द्यायचा ते हे गिअर ठरवतात. दातांत इतकी वर्षांची वाळलेली ग्रीस होती की कोणता गिअर आणि कोणतं झाकण हे कळेना. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवले आणि सकाळी हाताला लागला तो ब्रश घेऊन घासायला बसलो.

"तो माझा टूथब्रश आहे."

"दातच घासतोय."

यानंतरचा संवाद लेथशी संबंधित नाही.

घासून झाल्यावर मोजणी. वीस, पंचवीस, तीस अशी पाचापाचाने चढणारी शिस्तशीर मंडळी निघाली. मधला पंचेचाळीस गायब. आणि शेवटी ताटलीएवढा एक महाकाय गिअर. पहिल्यांदा मोजले तेव्हा १२६ दात भरले. दुसऱ्यांदा १२८. खडूची खूण केली, तर ती बोटाने पुसली गेली. नवा पंचेचाळीस मागवायचा तर दातांचं माप हवं, म्हणून सूत्र धरलं: दातांच्या संख्येत दोन मिळवा आणि इंचातल्या बाहेरच्या व्यासाने भागा. व्यास भरला ६.४५ इंच. १२६ धरले तर उत्तर १९.८४, १२८ धरले तर २०.१६. असले दात कुठलाच शहाणा माणूस पाडत नाही. १२७ धरले आणि बरोब्बर २० आलं. माझे डोळे दोनदा चुकले होते, भागाकार चुकला नाही.

हा १२७ काही कुणाचा हट्ट नव्हे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे १९५९ साली आंतरराष्ट्रीय करारानं पक्कं झालं. २५.४ला पाचाने गुणलं की १२७, आणि १२७ ही मूळ संख्या, तिला लहान करायची सोय नाही. इंची लीड स्क्रूवर अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर हे धूड लावणं आलं. आपल्या लेथला दोन्ही भाषा येतात या आनंदात मी दोन दिवस होतो. पंचेचाळीस पुढे मिळालाही, तोसुद्धा दातांचा कोन साडेचौदा अंश की वीस यावर बराच खल झाल्यावर.

बेडबद्दल थोडक्यात सांगतो. चकजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, तो सर्वात जास्त झिजलेला, कारण बहुतेक काम तिथेच होतं. शिवाय पाय समपातळीत नसल्याने पीळ पडलेला. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणणाऱ्यांना मी एकदा स्पिरिट लेव्हल घेऊन बोलावणार आहे. पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून पीळ काढला, झीज तशीच ठेवली. ती काढण्याइतकं आयुष्य माझ्याकडे नाही.

शेवटी उरला क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल कामाकडे आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचा, स्क्रू आणि त्याचं नट. दोन्ही गायब. ओळखीच्या टर्नरकडे गेलो. त्याने विचारलं, "आटे उजवेच ना?" मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, "अर्थात!"

जोडणी झाली, मोटर लावली, पहिला काप घेतला. टूल जरा खोल गेलं म्हणून हँडल घड्याळाच्या उलट फिरवून मागे घेऊ लागलो, तर ते आणखी आत घुसलं. घाबरून आणखी उलट फिरवलं. आणखी आत. चक अडला, बेल्ट किंचाळला, आणि टूलचं टोक माझ्या कानाजवळून गेलं. हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर टूल पुढे जावं म्हणून क्रॉस स्लाइडच्या स्क्रूला डावे आटे असतात, हे त्यानंतर वाचलं.

टर्नरकडे पुन्हा जायचं धाडस होईना, म्हणून स्क्रू तसाच ठेवलाय. सवय झालीय. मॉडेल अजून कळलेलं नाही, पण असा दुसरा लेथ जगात नसणार, हे आता छातीठोकपणे सांगतो.