सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरांना हसू नका

डोकं तापलंय म्हणून लिहितेय. घाटंजीच्या रस्त्यावर आज पानठेल्यापाशी थांबले होते. एक मुलगी, पाठीवर दप्तर, उभी राहून पायडल मारत चढ चढत होती. ठेल्यावरचा एक जण ओरडला, "काहून वो, बापानं स्कूटी नाही घेऊन देल्ली का?" बाकीचे खिदळले. ती मान खाली घालून निघून गेली.

हसण्यासारखं काय होतं त्यात?

नैरो किंताना हा सायकलपटू घ्या. कोलंबियातल्या बोयाका प्रांतातल्या शेतकऱ्याचा पोरगा. गाव 2800 मीटरच्या आसपास उंचीवर, आईबाप भाजीपाला-फळं विकणारे. शाळा सुमारे 16 किलोमीटर लांब. रोजचं बसभाडं परवडेना, म्हणून घरच्यांनी जुनी सायकल घेऊन दिली. शाळा सुटली की घरापर्यंत चढ. हाच पोरगा 2013 ला पहिल्यांदा टूर द फ्रान्सला, फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीला, गेला आणि थेट दुसरा आला. चढावर सगळ्यांत भारी ठरणाऱ्याला मिळते ती घाटाच्या राजाची जर्सी त्याची, तरुणांमधल्या पहिल्याची पांढरी जर्सीही त्याचीच. 2014 ला इटलीची जिरो जिंकली, ती जिंकणारा पहिला कोलंबियन. 2016 ला इंग्रज सायकलपटू क्रिस फ्रूमला मागं टाकून स्पेनची व्हुएल्टा. तीन-तीन आठवडे चालतात या शर्यती, रोज नवा टप्पा, रोज नवे डोंगर.

माझा दादा पहाटे दुधाचे डबे पोचवून यायचा आणि मग मला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचा. चढ आला की मी म्हणायची, "उतरते ना दादा." तो म्हणायचा, "बस गुमान." त्याचा श्वास मला पाठीतून ऐकू यायचा.

तालुक्यात 15 ऑगस्टला सायकल स्पर्धा असायची. दादा त्याच काळ्या सायकलवर, गियरवाल्या पोरांच्या पुढं, पहिला आला. स्टेजवर स्टीलचा डबा मिळाला. पाहुणे माईकवर म्हणाले, "शाब्बास, आता नोकरी पाहा अन् गाडी घ्या!" टाळ्या पडल्या. झालं. आज तो दुसऱ्याचा ट्रक चालवतो.

कोलंबियात असा पोरगा चढावर दिसला की लोकांना लुचो हेरेरा आठवतो. माळीकाम करणारा माणूस, 1987 ला व्हुएल्टा जिंकून आला. आपल्याला काय आठवतं? बापाची ऐपत.

तुम्ही म्हणाल, किंताना 2022 च्या टूरमधून बाद झाला. झाला. शर्यतीत बंदी असलेलं ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक रक्तात सापडलं, सहावा नंबर गेला, दाद मागितली तीही फेटाळली गेली. नियम होता, तो मोडला, मान्य. पुढचं वर्ष कुठल्याच मोठ्या संघानं दारात उभं केलं नाही. 2024 ला मोव्हिस्टार या त्याच्या जुन्या संघानं परत घेतलं. पण 2013 ला बोयाकातले शेतकरी शेतमालाच्या भावासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा हा पोरगा उघडपणे त्यांच्या बाजूनं बोलला होता. कापसाच्या भावावर बोलणारा आपला एक तरी मोठा खेळाडू दाखवा मला.

आणि हो, गावोगावी वेळेवर बस यायलाच हवी. पोरींनी उन्हात दमावं असं मी म्हणत नाहीये. पण बस येईपर्यंत जी पोर रोज हा चढ मारते, तिच्या पायांत काय ताकद आहे हे बघायला आपल्याला डोळे नाहीत का?

दादाला संध्याकाळी फोन केला. हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो डबा अजून आहे बाई, तुही वहिनी त्यात लोणचं ठेवते." मला पुढं बोलवेना.

यंदा 15 ऑगस्टला तालुक्यात स्पर्धा पुन्हा घ्यायचीच. मुलींची वेगळी. बक्षीस म्हणून डबा नाही, हेल्मेट, नवे टायर-ट्यूब आणि पुढं सरावाला पाठवायचा खर्च. मी माझा एक पगार देतेय. यवतमाळ, नागपूर, पुण्यातल्यांनो, ज्यांच्या गॅलरीत गियरची सायकल धूळ खात पडलीय, त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. न्यायला गाडी आम्ही पाठवतो, दादा येईल.